नागपूरच्या हवेतला कोळसा कुठे गेला?

नागपूरच्या हवेतल्या सूक्ष्म कणांचा हिशेब मांडणारा एक अभ्यास नीरीच्या, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या, संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केला. नमुने २००९-१० मधले. जागा तीन : एक राहत्या वस्तीची, एक बाजाराची, एक कारखान्यांची. निष्कर्ष असा की पीएम २.५ मध्ये वाहनांचा वाटा वस्तीत ५७, बाजारात ६२ आणि औद्योगिक भागात ६५ टक्के. त्याखालोखाल 'दुय्यम असेंद्रिय कण' याच क्रमाने १६, १२ आणि १६ टक्के. लाकूडफाटा आणि पालापाचोळा जळण्याचा वाटा १५, ११ आणि ९. पुन्हा उडालेल्या धुळीचा ६, १० आणि ७. हा तक्ता वाचताना नागपूरच्या उत्तरेला राहणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो हा, की यात कोळसा कुठे आहे?

प्रश्न उगाच पडत नाही. नागपूर सोडून सावनेरच्या रस्त्याला लागलं की कोराडीच्या चिमण्या दिसतात, पुढे खापरखेड्याच्या. खापरखेड्याला २१० मेगावॉटचे चार आणि ५०० चा एक असे १,३४० मेगावॉटचे संच आहेत. कोराडीला ६६० मेगावॉटचे तीन मोठे संच २०१५ ते २०१७ या काळात सुरू झाले. त्यांच्या पलीकडे पारशिवनी तालुका लागतो. त्याच्या कन्हान-गोंडेगाव भागात वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, उघड्या कोळसा खाणी, नांदगावला खापरखेड्याच्या राखेसाठी बांधलेला बंधारा, आणि नवेगाव खैरीला पेंचचं धरण, ज्याचं पाणी नागपूर पितं. एवढा सगळा कोळसा खणला जातो, वाहिला जातो, जाळला जातो, त्याची राख साठवली जाते, आणि शहराच्या हवेच्या हिशेबात त्याचं नावसुद्धा येत नाही. अभ्यास चुकीचा होता का? नव्हता. तो ज्या पद्धतीने केला जातो त्या पद्धतीतच या प्रश्नाचं उत्तर आहे, म्हणून आधी पद्धत समजून घेऊ.

पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून कमी व्यासाचे कण. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, हे आता वर्तमानपत्रं वाचणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. आपलं २००९ चं राष्ट्रीय मानक वर्षाच्या सरासरीला ४० आणि २४ तासांच्या सरासरीला ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली पातळी अनुक्रमे ५ आणि १५. हवेचं यंत्र आपल्याला सांगतं तो एवढा एकच आकडा. कण किती आहेत ते त्यातून कळतं, कुठून आले ते कळत नाही. ते शोधायच्या वाटा मुख्यतः दोन.

पहिली वाट उगमाकडून निघते. शहरात गाड्या किती, रोज किती धावतात, डिझेल किती खपतं, भट्ट्या किती, हॉटेलांचे तंदूर किती, कचऱ्याला आगी किती लागतात, हे सगळं मोजायचं आणि प्रत्येकामागे किती कण सुटतात त्या गुणकाने गुणायचं. याला उत्सर्जन सूची म्हणतात. मग वारा आणि तापमानाची माहिती घालून संगणकाला विचारायचं की हे कण कुठे जाऊन पडतील. सरथ गुट्टीकुंडा यांच्या 'अर्बन एमिशन्स' गटाने देशातल्या ज्या पहिल्या वीस शहरांसाठी असा हिशेब मांडला त्यात नागपूर होतं, आणि तो मांडताना महापालिकेच्या हद्दीबाहेरचा पट्टाही धरला होता. ही वाट स्वस्त. तिचा अडसर असा की मोजणाऱ्याला जे माहीत नाही ते सूचीत येतच नाही. रात्री बाराला आमडी फाट्यावरून जाणारा, ताडपत्री न टाकलेला रेतीचा टिप्पर कोणत्या रजिस्टरात सापडणार?

दुसरी वाट उलटी, हवेतून उगमाकडे जाणारी. हवा गाळून घ्यायची, गाळलेल्या कणांचं रासायनिक पृथक्करण करायचं आणि त्यातल्या मूलद्रव्यांवरून माग काढायचा. नागपूरचा अभ्यास या प्रकारचा. गावजेवणाला घराघरांतून डाळ आली आणि सगळी एकाच पातेल्यात शिजली, तर वरण चाखून कुणाची डाळ किती होती ते सांगायचं, असं हे काम आहे. प्रत्येक घरच्या डाळीची चव आधी ठाऊक असेल तरच ते जमतं. त्या चवीला इथे 'स्रोताची रासायनिक ओळख' म्हणतात. भारतासाठी या ओळखी तयार करण्याचं मोठं काम केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या सहा शहरांच्या अभ्यासाच्या निमित्ताने झालं. त्यात वाहनांच्या धुराच्या ओळखी पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने केल्या आणि बाकी स्रोतांच्या मुंबईच्या आयआयटीने. दोन्ही संस्था महाराष्ट्रातल्या. आणि नीरीचं मुख्यालय तर नागपुरातच. या विषयाची एवढी घरची विद्या दुसऱ्या राज्यात क्वचित असेल.

प्रत्यक्ष काम मात्र फार किचकट. पाच लिटर हवा मिनिटाला ओढणारा छोटा पंप २४ तास चालला तर त्यातून ७.२ घनमीटर हवा जाते. हवा मानकाच्या काठावर असेल, म्हणजे घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, तर चकतीवर जमतात ४३२ मायक्रोग्रॅम. अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नाही. एवढ्याशा काळपट डागात वीस-पंचवीस मूलद्रव्यं, चार-पाच आयन आणि दोन प्रकारचा कार्बन शोधायचा. म्हणून चकती वापरण्याआधी आणि नंतर ठरावीक तापमानाच्या, ठरावीक दमटपणाच्या खोलीत दिवसभर ठेवून मग तोलतात. चिमट्याशिवाय तिला हात लावत नाहीत, कारण बोटाचा घामही वजनात धरला जाईल. धातू शोधायचे तर टेफ्लॉनची चकती लागते. कार्बनसाठी क्वार्ट्झची, आणि तीही आधी भट्टीत तापवून घेतलेली. या क्वार्ट्झचा तुकडा प्राणवायू नसलेल्या हेलियममध्ये पायरीपायरीने तापवला की आधी सेंद्रिय कार्बन निघून जातो. मग प्राणवायू सोडला की उरलेली काजळी जळते. दोन्हींचं प्रमाण पाहून डिझेलचा धूर आणि चुलीचा धूर यांच्यात फरक करायला सुरुवात होते.

मग खुणा. पाण्यात विरघळणारं पोटॅशियम आणि लेव्होग्लुकोसान नावाची, सेल्युलोज जळून होणारी साखर ही लाकूड-काडीकचरा जळाल्याची खूण. तांबं, अँटिमनी, बेरियम म्हणजे ब्रेक. जस्त म्हणजे टायर, कधी कचऱ्याची आग. क्लोरीन म्हणजे बहुधा प्लास्टिकमिश्रित कचरा. व्हॅनेडियम आणि निकेल म्हणजे जड तेल. कॅल्शियम म्हणजे सिमेंट, बांधकाम. अर्सेनिक आणि सेलेनियम म्हणजे कोळसा. आणि सिलिकॉन, अॅल्युमिनियम, लोह, टायटॅनियम म्हणजे माती.

पारशिवनीतली पहिली अडचण इथेच येते. राखड म्हणजे तरी काय? कोळशातली माती. गोंडवन काळच्या आपल्या कोळशात राखेचं प्रमाण ३५ ते ४० टक्के असतं. ती राख म्हणजे भाजलेलं सिलिकॉन आणि अॅल्युमिनियम. धुळीचीही मुख्य ओळख तीच. रासायनिक समतोलाच्या गणितात, ज्याला सीएमबी म्हणतात, दोन स्रोतांच्या ओळखी इतक्या सारख्या असल्या की गणित त्यांना वेगळं करू शकत नाही. एकाचं माप दुसऱ्याच्या खात्यात जातं, आणि जास्त करून 'धूळ' या खात्यात. वेगळं करायचं तर अर्सेनिक-सेलेनियमसारख्या अल्प प्रमाणातल्या खुणा नीट मोजाव्या लागतात, नाहीतर सूक्ष्मदर्शकाखाली कण पाहावे लागतात. भट्टीत वितळून थंड झालेल्या राखेचे कण गोल गुळगुळीत असतात, मातीचे वेडेवाकडे. दोन्ही कामं वेळखाऊ आणि महाग. म्हणून ती फार थोड्या अभ्यासांत होतात.

दुसरी अडचण याहून स्थानिक. मँगनीज ही जगभर पोलाद आणि मिश्रधातूंच्या भट्ट्यांची खूण मानतात. पण शेजारच्या रामटेक तालुक्यात मनसर-कांद्रीला मँगनीजच्या खाणी आहेत, आणि नागपूर-भंडारा-बालाघाट हा सगळा पट्टाच त्या खडकाचा. इथल्या नुसत्या मातीतही मँगनीज भेटेल. परदेशी ग्रंथालयातून घेतलेली ओळख जशीच्या तशी लावली तर पारशिवनीच्या रानात पोलादाचा कारखाना सापडायचा! स्रोत ओळखायचे तर आधी त्या गावची माती, त्या गावची राख, त्या गावच्या चुलीतला धूर यांचे नमुने घ्यावे लागतात, ते यासाठी.

तिसरी अडचण नावाची. तक्त्यातलं 'वाहनं' हे खातं पाहा. कारखान्यांच्या भागात वाहनांचा वाटा सगळ्यांत जास्त, ६५ टक्के, हे वाचताना जरा थबकायला होतं. मालवाहू ट्रक तिथे जास्त, हे खरं. पण डिझेलवर चालणारा जनरेटर आणि डिझेलवर चालणारा ट्रक यांच्या धुराची ओळख जवळजवळ एकच. विजेच्या भारनियमनाची ती वर्षं आठवली तर 'वाहनं' या शब्दाखाली नेमकं काय काय बसलं असेल, असं विचारावंसं वाटतं. हे गणित स्रोतांचे प्रकार सांगतं, पत्ते सांगत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. कोळशाचा सगळ्यांत मोठा सूक्ष्म भाग तक्त्यात आहे, फक्त त्याच्यावर कोळशाचं नाव नाही. तो 'दुय्यम' या खात्यात आहे.

चिमणीकडे जाणारी राख बरीचशी विद्युत-अवक्षेपक यंत्रात अडवली जाते. सल्फर डायऑक्साइड हा वायू मात्र त्यातून सरळ निघून जातो. आपल्या कोळशात गंधक कमी, साधारण अर्धा टक्का. पण टनामागे अर्धा टक्का म्हणजे ५ किलो गंधक, आणि ते जळून होतो सुमारे १० किलो सल्फर डायऑक्साइड. मोठ्या केंद्रात दिवसाला हजारो टन कोळसा जळतो. हा वायू हवेत हळूहळू सल्फेट होतो, शेतातल्या युरियातून आणि जनावरांच्या मूत्रातून उठणाऱ्या अमोनियाशी त्याची गाठ पडते, आणि अमोनियम सल्फेटचे कण तयार होतात. रसायनशास्त्राचं साधं वजनी गणित सांगतं की एक टन सल्फर डायऑक्साइड पूर्ण बदलला तर दोन टनांहून अधिक कण होतात. हे कण अगदी बारीक, पीएम २.५ च्याही खालच्या टोकाचे, आणि हवेत दिवसचे दिवस राहणारे.

या बदलाचा वेग मात्र मंद. ढोबळमानाने तासाला एखादा टक्का, दमट हवेत आणि धुक्यात जास्त. म्हणजे ताशी १० किलोमीटरचा वारा असेल तर केंद्रापासून १० किलोमीटरवर पोचेपर्यंत शंभरातला एखादाच भाग कण झालेला असतो. बाकीचे नव्व्याण्णव पुढे प्रवासात. कोराडीच्या नव्या संचांसारख्या चिमण्या २७५ मीटर उंच, त्या बांधतातच धूर वर नेऊन दूर पोचवण्यासाठी. आणि पर्यावरण परिणाम अहवालात अभ्यासक्षेत्र घेतलं जातं ते बहुधा १० किलोमीटर त्रिज्येचं. जो कण शोधायचा तो ज्या वर्तुळात अजून तयारच झालेला नसतो, त्या वर्तुळात त्याला शोधून 'परिणाम नगण्य' असा शेरा मारला जातो. माझ्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यांत मोठी फट ही आहे.

शिवाय नागपूरच्या चकतीवर बसलेलं सल्फेट कोराडीचंच असेल असंही नाही. चंद्रपूरचं असू शकतं, छत्तीसगडमधल्या कोरब्याचं असू शकतं. थंडीत इथला वारा बहुतेक वेळ उत्तर-ईशान्येकडून असतो, म्हणजे खापरखेडा-कोराडीचा धूर शहराकडे. पावसाळ्यात तो पश्चिम-नैऋत्येकडून, म्हणजे शहराचा आणि चिमण्यांचाही धूर पारशिवनी-रामटेककडे. हवेच्या या एकत्र वावराच्या क्षेत्राला 'हवाक्षेत्र' म्हणायची पद्धत आता रुळते आहे. नदीला पाणलोट असतो तसं हवेचं, एवढं त्यावरून लक्षात घेतलं तरी पुरे. पेंचच्या पाण्यासाठी नागपूरने पारशिवनी तालुक्यापर्यंत नियोजन केलंच आहे. हवेसाठी मात्र नियोजन महापालिकेच्या नाक्यापाशी थांबतं.

अभ्यासाअभ्यासांत फरक किती पडतो, याचं ठळक उदाहरण दिल्लीचं. आयआयटी कानपूरच्या २०१६ च्या अहवालातल्या उत्सर्जन सूचीत पीएम २.५ चा ३८ टक्के वाटा रस्त्यांच्या धुळीचा होता, वाहनांचा २०. टेरी आणि एआरएआय यांच्या २०१८ च्या अहवालात हिवाळ्यातल्या पीएम २.५ मध्ये धूळ १७ टक्क्यांवर आली, वाहनं २८ वर गेली, उद्योग ३० वर. दोन वर्षांत दिल्ली बदलली नव्हती. एका ठिकाणी उगमाशी सुटलेल्या कणांची टक्केवारी होती, दुसऱ्या ठिकाणी प्रतिमानाने काढलेली हवेतली. शिवाय ऋतू, हद्द, गुणक यांची गृहीतकं वेगळी. तज्ज्ञांना हे समजतं. राजकारण्यांना समजून घ्यायचं नसतं. ज्याला गाड्या दोषी ठरवायच्या तो एक अहवाल काढतो, ज्याला धूळ दोषी ठरवायची तो दुसरा. त्यानंतर दिल्लीने तासातासाला स्रोत सांगणारं केंद्र उभारलं, आयआयटी कानपूरच्या मदतीने २०२३ च्या जानेवारीत, आणि त्याच वर्षीच्या हिवाळ्याच्या तोंडावर ते पैशांच्या वादात बंद पडलं.

हे वाद कागदावरचे राहत नाहीत, कारण त्यावरून पैसा वाटला जातो. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. मानक न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत महाराष्ट्रातली सगळ्यांत जास्त शहरं होती आणि त्यांत नागपूर, चंद्रपूर, अमरावती, अकोला ही विदर्भातली. कार्यक्रमाचं यश मोजलं जातं ते पीएम १० वर. पीएम १० म्हणजे त्यात जाडी धूळ आली, आणि ती वजनाला भारी. ती कमी करायला झाडणारी यंत्रं, पाणी फवारणारे टँकर, रस्त्याकडेला पेव्हर ब्लॉक. दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट'ने (सीएसई) जुलै २०२४ मध्ये दाखवून दिलं की या कार्यक्रमाचा ६४ टक्के निधी रस्त्यांच्या धुळीवर खर्च झाला. काडीकचरा जळण्यावर सुमारे साडेचौदा टक्के, वाहनांवर साडेबारा, आणि उद्योगांवर एक टक्कासुद्धा नाही, ०.६१. नागपूरच्या २०१४ च्या तक्त्यात पीएम २.५ मधला धुळीचा वाटा जास्तीत जास्त १० टक्के होता, हे इथे आठवावं. माणसं ज्याने मरतात ते जळण्यातून येतं आणि पैसा जातो झाडण्यात. झाडू नये असं कोण म्हणेल? पण झाडून झाल्यावर आकडा खाली आला म्हणून हवा स्वच्छ झाली, असं समजणं ही शुद्ध फसगत आहे.

आता पारशिवनी तालुक्यातच उभं राहून पाहू. इथे स्रोत मोजायला बसलं तर शहरी तक्ता अपुरा पडतो. दक्षिणेला कन्हानजवळ उघड्या खाणी : सुरुंग, माती-कोळसा उचलणारी यंत्रं, कोळशाचे ढीग. कन्हानमधून जाणारा जबलपूर महामार्ग आणि त्यावर कोळसा, रेती, गिट्टी वाहणारे टिप्पर. त्यांचा धूर बारीक, त्यांच्या चाकांखालची धूळ जाडी. एकाच गाडीचे हे दोन वाटे दोन वेगळ्या खात्यांत जातात. खाणींच्या आसपास पडलेला कोळसा वेचून आणून शेगडीत जाळणारी घरं असतात, कारण तो इंधनाच्या हिशेबात फुकट पडतो. तो धूर जमिनीलगत, घराच्या आतच सुटतो. २७५ मीटरवरून सुटलेल्या किलोभर धुरापेक्षा चुलीपाशी सुटलेला किलोभर धूर माणसाच्या फुप्फुसात कितीतरी जास्त पोचतो. टक्केवारीच्या तक्त्यात हा फरक दिसत नाही.

नांदगावची राखड हा वेगळा विषय. खापरखेड्याची राख तिथल्या बंधाऱ्यात पेंचच्या काठाशी सोडायला सुरुवात झाल्यावर गावकऱ्यांनी आवाज उठवला. तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथे आले आणि राख टाकणं थांबवायचे आदेश निघाले. त्याच वर्षी जुलैच्या पावसात कोराडीच्या राखेचा खसाळ्याचा बंधारा फुटला आणि राख शेतांत, नाल्यांत पसरली. राखेबद्दलची चर्चा पाण्यापुरती होते, कारण पाण्यात ती दिसते. उन्हाळ्यात बंधारा कोरडा पडला आणि दुपारी वारा सुटला की तीच राख हवेत असते. उडणारी राख बहुतेक जाडी, पीएम २.५ मध्ये तिचा भाग थोडा. पण जवळच्या गावांना तो थोडा भागही पुरेसा असतो, आणि त्याबरोबर येणारी जाडी राख कापसाच्या बोंडांवर, भाजीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते ती वेगळीच.

उत्तरेकडे गेलं की चित्र पालटतं. पेंचच्या जंगलात फेब्रुवारीपासून मोहफूल वेचण्यासाठी झाडाखालचा पाला पेटवायची जुनी सवय आहे, पुढे तेंदूच्या हंगामातही आगी लागतात. मे महिन्यात शेतकरी धुरे पेटवतो, पऱ्हाटी आणि तुराट्या जाळतो. पेंचच्या कालव्यावर धान होतं, त्याचं तणस बहुतेक जनावरांना जातं, उरलेलं पेटतं. चूल आहेच. उज्ज्वलाचं सिलिंडर कोपऱ्यात असतं, पण पाणी तापवायला आणि ढोरांचं आंबोण शिजवायला लाकूडच. हा सगळा 'जैवभार' नावाच्या एकाच खात्यात जातो. पण मोहाच्या आगीवर उपाय वन विभागाकडे आहे, धुऱ्याच्या आगीवर कृषी विभागाकडे, आणि चुलीवरचा उपाय सिलिंडरच्या किमतीत. एकच टक्केवारी हातात घेऊन कुणाला काय सांगणार?

जैवभाराचा वाटा खरंच किती मोठा असतो, याचा एक भक्कम पुरावा महाराष्ट्रातूनच मिळाला आहे. स्वीडनचे ऑर्यान गुस्टाफसन आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सिंहगडावर आणि मालदीवमध्ये हिवाळी हवेचे नमुने घेतले आणि त्यातल्या कार्बनचं वय काढलं. कोळसा-डिझेलमधला कार्बन कोट्यवधी वर्षं जुना, त्यात किरणोत्सारी कार्बन-१४ उरलेला नसतो. लाकडातला ताजा, त्यात असतो. ओळखींचा गोंधळ नको, गृहीतकं नको, सरळ मोजणी. २००९ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या या अभ्यासात कार्बनयुक्त कणांपैकी दोन तृतीयांश जैवभार जळण्यातून आलेले निघाले. ही पद्धत महाग आहे, पण धूळ आणि राखेच्या भांडणात अडकलेल्या आपल्या पट्ट्यात निदान कार्बनचा निकाल तरी ती निर्विवाद देईल. सल्फेटचा देणार नाही, कारण सल्फेटमध्ये कार्बन नसतो.

सल्फेटचा निकाल लागला तो दिल्लीत, प्रयोगशाळेबाहेर. औष्णिक केंद्रांच्या चिमण्यांतून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडला मर्यादा घालणारी अधिसूचना डिसेंबर २०१५ मध्ये निघाली. ती पाळायची तर गंधक काढून घेणारं एफजीडी नावाचं यंत्र बसवावं लागतं. मुदत दोन वर्षांची होती. ती २०२२ वर गेली, मग आणखी पुढे, पुन्हा पुढे. शेवटी ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेनं केंद्रांचे गट पाडून बहुसंख्य केंद्रांना यातून मोकळं केलं. सक्ती उरली ती मुख्यतः राजधानी परिसर आणि दहा लाखांवर वस्तीच्या शहरांपासून १० किलोमीटरच्या आतल्या केंद्रांवर. पुन्हा तेच १० किलोमीटर. ही सूट देण्याच्या बाजूने केला गेलेला एक मुख्य युक्तिवाद असा की केंद्रांजवळच्या हवेत सल्फर डायऑक्साइड मानकाच्या आतच आहे. असणारच. वायू तिथून निघून गेलेला असतो, आणि पुढे ज्या गावात तो कण होऊन उतरतो तिथे त्याला कुणी सल्फर डायऑक्साइड म्हणत नाही, 'दुय्यम' म्हणतात. यंत्रं महाग आहेत, ती वीज खातात, चुनखडी लागते, हे आक्षेप खोटे नाहीत, त्यावर वाद व्हावा. पण मोजमापाच्या फटीचा फायदा घेऊन केलेला युक्तिवाद शास्त्रीय म्हणून स्वीकारता येत नाही.

आणि २०१४ चा तक्ता आता जुना झाला आहे, हेही नोंदवायला हवं. त्याचे नमुने घेतले तेव्हा कोराडीचे ६६० मेगावॉटचे संच नव्हते, खापरखेड्याचा ५०० मेगावॉटचा संच सुरू व्हायचा होता, भारत स्टेज-६ इंधन यायला दहा वर्षं होती, मेट्रो नव्हती. गाड्यांचा धूर दर गाडीमागे कमी झाला, गाड्या वाढल्या. वीजकेंद्रांची क्षमता वाढली. मे २०२३ मध्ये कोराडीला आणखी ६६० मेगावॉटच्या दोन संचांसाठी जनसुनावणीही झाली. नागपुरात हवा सतत मोजणारी केंद्रं आज सिव्हिल लाइन्स, महाल, रामनगर आणि अंबाझरीला आहेत, म्हणजे चारही शहरात. पारशिवनीला, कन्हानला, नांदगावला तसं केंद्र नाही. स्रोतांच्या यादीत पारशिवनी तालुका आहे, श्वास घेणाऱ्यांच्या यादीत नाही.

काय करावं लागेल ते फार अवघड नाही. कन्हान, पारशिवनी आणि पेंचच्या बाजूचं एखादं गाव अशा तीन ठिकाणी चकत्यांवर वर्षभर नमुने घ्यायचे, सगळे ऋतू धरून. इथली माती, इथली राखड, इथली शेगडी आणि चूल यांच्या ओळखी नव्याने तयार करायच्या. अर्सेनिक-सेलेनियम वगळायचे नाहीत. सल्फेटचा आकडा 'दुय्यम' म्हणून सोडून न देता वाऱ्याच्या मागावरून तो कोणत्या दिशेने आला ते सांगायचं. आणि तीच चकती नागपुरातही त्याच दिवशी लावायची, म्हणजे शहराचं आणि तालुक्याचं एकमेकांना किती जातं ते कळेल. हे करणारी संस्था नागपुरातच आहे, पैसा ज्या स्वच्छ हवा कार्यक्रमातून यायचा त्याच्या अटीतच स्रोतांचा अभ्यास लिहिलेला आहे.

तोवर एक गोष्ट नांदगाव, बखारी, गोंडेगाव, टेकाडीच्या ग्रामपंचायतींच्या हातात आहे. खाण वाढवायची असो की संच, पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीआधी किमान ३० दिवसांची सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा गोषवारा मराठीत उपलब्ध ठेवावा लागतो. तो मागून घ्या. त्यात हवेच्या प्रकरणात फक्त पीएम १० आणि पीएम २.५ चे आकडे असतील, तर कणांचं रासायनिक पृथक्करण मागा. अभ्यासक्षेत्र १० किलोमीटर असेल, तर त्यापलीकडच्या सल्फेटचा हिशेब लेखी मागा. सुनावणीच्या इतिवृत्तात नोंदलेला प्रश्न मंजुरी देणाऱ्या समितीपुढे जातो आणि प्रकल्पवाल्याला त्याचं लेखी उत्तर द्यावं लागतं.